फटीतून आलेला प्रश्न

एका चातुर्मासात माझ्या मैत्रिणींपैकी कुणी वांगं सोडलं, कुणी कांदा-लसूण. मी देवापुढे पळीभर पाणी सोडून नेम धरला, की घरातलं कुणी काही सांगायला आलं तर हातातलं काम बाजूला ठेवायचं आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत मधे बोलायचं नाही. थोरल्या जाऊबाई हसल्या. "अगं, त्यापेक्षा वांगं सोड, सोपं जाईल!" खरंच होतं त्यांचं. पहिल्याच दिवशी दूध उतू गेलं. पण बाळांनो, हा नेम मला सुचला तो एका पक्ष्याच्या गोष्टीवरून. तीच आज सांगते.

डोंगरउतारावरच्या एका रानात धनेश पक्ष्यांचं एक जोडपं राहत असे. धनेशांची रीत मोठी नवलाची. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ओल्या मातीनं दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवते. आत तिची पिसं झडतात, त्यामुळे तिला उडता येत नाही. तेवढे दिवस नर तिला फळं आणून भरवतो.

हा धनेश कामाला मोठा वाघ. दिवसातून वीस-वीस खेपा करी. एक दिवस मादीनं फटीतून विचारलं, "अहो, आज वारा कुठून येतोय?"

"वाऱ्याचं तुला काय करायचंय? घे, उंबर खा."

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "अहो, खाली पाचोळा वाजतोय का हो?"

"रानात पाचोळा वाजायचाच. पटकन घे, मला अजून वडाकडे जायचंय."

तिसऱ्या दिवशी तिनं काहीच विचारलं नाही. चौथ्या दिवशी उंबरही घेतलं नाही. ढोलीतून नुसती ठकठक ऐकू येऊ लागली. ती आतून दार फोडत होती!

धनेश घाबरला. दार फुटलं तर अंडी उघडी पडणार, आणि हिला तर उडताही येत नाही. समोरच्या फांदीवर एक खार बसली होती. तिला तो म्हणाला, "बघितलंस? इतकी गोड उंबरं आणतो, तरी हिचं बिनसलंय. का बरं असेल?"

"मला काय विचारतोस, भाऊ? मी थोडीच ढोलीत बसलेय! जिला विचारायचं तिला विचार," खार म्हणाली. "आणि विचारलंस तर थांब जरा. चार दिवस मला तुझी नुसती शेपटीच दिसतेय."

धनेशाला पहिल्यांदाच नवल वाटलं. एवढ्या खेपा केल्या, पण त्या अंधारात दिवसभर काय असतं हे आपल्याला ठाऊकच नाही! चोचीतलं उंबर खाली टाकून तो फटीशी टेकला. "अगं, आत तुला काय दिसतं?"

ठकठक थांबली. वडाकडे जायची वेळ झाली. तो उडाला नाही.

"उजेडाची एक रेघ दिसते," ती हळूच म्हणाली. "दुपारी ती भिंतीवर चढते. तेवढ्यात कुणीतरी खालून येऊन दार खरवडतं. घोरपड असावी. लिंपण तडकलंय हो. मला ओली माती हवी होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायलाच तर वारा विचारत होते. म्हटलं, यांना वेळ नाही, आपणच जाऊन माती आणावी."

"पिसांवाचून? पायी?"

"पायी."

धनेश ओढ्याकडे सुटला. चोच भरभरून त्यानं माती आणली आणि तिनं आतून दार जाड लिंपलं. दुपारी घोरपड आली, तिनं दोनदा नखं मारली आणि ती निघून गेली. धनेश तिथंच बसून राहिला. एवढ्यात आतून पुन्हा ठकठक आली.

"आता का फोडतेस गं?"

"मी नाही. कान लावा नीट," मादी म्हणाली. "अंड्यातून येतेय."

तात्पर्य : मनातलं मोठं सांगण्याआधी प्रत्येक जण काहीतरी लहानसं विचारून बघतो, तिथं जो थांबतो, त्यालाच पुढचं ऐकायला मिळतं.

तेव्हा बाळांनो, आज घरात कुणी तुम्हाला उगाचच काही विचारलं, तर हातातलं बाजूला ठेवा आणि जरा थांबा. एवढा नेम माझ्यासाठी कराल ना? दूध उतू गेलं तर जाऊ दे.