सगळ्या कामांचा एकच शब्द

एका राज्यात राजा होता आणि राजाला घाई होती. घाई कशाची, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पण आईबापांनी नाव त्वरितसेन ठेवलं होतं आणि ते तो इमानाने पाळत होता. त्याची सगळ्यात मोठी तक्रार बोलण्याबद्दल होती. दिवा लावायचा, पाट मांडायचा, घोडा सजवायचा, पदर सावरायचा, लग्न जुळवायचं. प्रत्येक कामाला वेगळा शब्द. "निम्मं आयुष्य शब्द शोधण्यातच जातं," असं तो म्हणे, आणि दरबार मान डोलवी. त्या दरबारात राजाला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. तशी रीतच नव्हती.

एके दिवशी लाघवनाथ नावाचा मांत्रिक हस्तिदंती पेटी घेऊन आला.

"महाराज, दर्यापार इंग्रजी नावाची बोली आहे. तिच्यातला हा एक शब्द. हा मांडतो, लावतो, बसवतो, जुळवतो, सजवतो. दही लागलं तरी हाच, सूर्य मावळला तरी हाच. कपबशांची जोडणी हाच, केसांचा भांगही हाच."

"मोबदला?"

"तुमचे शब्द आता बिनकामाचे होतील. तेवढे मी नेतो."

राजाने पेटीला हात लावला. मग प्रधानाने, सेनापतीने, आचाऱ्यांनी, राज्यातल्या लहानथोर सगळ्यांनी. पेटीतून गुळगुळीत गोट्यासारखा शब्द बाहेर आला आणि ज्याच्या त्याच्या जिभेवर जाऊन बसला: सेट.

राणी मंजुघोषा त्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीत होती. राजपुत्र नुकताच जन्मला होता, सोयर चालू होतं. पेटी बाळंतिणीच्या खोलीत नेता येणार नाही, असं राजपुरोहिताने बजावलं. नंतर कुणाला आठवण राहिली नाही. म्हणून साऱ्या राज्यात शब्द शाबूत राहिले ते एकट्या तिचे.

हे भाग्य म्हणावं, तर ते भोगावं कसं, हे तिला कळेना.

"गोदाक्का, बाळ का रडतंय?" ती दाईला विचारी.

"सेट नाही, राणीसरकार."

"ते मलाही दिसतंय. भूक लागलीय, की पोट दुखतंय?"

"पोट सेट. दूध सेट. बाळराजे सेट नाही!" दाई हातवारे करत पटवून देई.

मुदपाकखान्यात वांगी सेट करायला सांगितली, तर आचाऱ्याने ती उतरंडीसारखी एकावर एक रचून ठेवली. सेनापतीने शिपाई सेट करायला सांगितले. निम्मे झोपले, निम्मे शेजारच्या राज्यावर चालून गेले. राजा मात्र खूश होता. राणीला वाटे, सगळ्यांचं चाललंय ना? मग अडतंय ते माझंच. इतर आया एका शब्दात मूल वाढवतात, आणि मला दहा शब्द असून त्याचं रडणं ओळखता येत नाही.

राजवाड्यात टकळी नावाची एक साळुंकी होती. पाखरांना पेटीला हात लावायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिची वाचा जागेवर होती, वाजवीपेक्षा जास्तच. बाळ बसू लागलं तशी ती खिडकीत येऊन म्हणाली,

"राणीसरकार, कराराचा शेवटचा भाग मी ऐकलाय. करार झाला त्या दिवशी या राज्यातलं सगळ्यात लहान मूल म्हणजे तुमचे बाळराजे. त्यांचा बोल फुटायला आला की त्यांना लाघवनाथाच्या दारी न्यायचं. तिथे पहिला बोल 'सेट' निघाला, तर करार पक्का. शब्द कायमचे गेले. दुसरा कोणताही निघाला, तर करार मोडला."

"हे तू आज सांगतेस?"

"तुम्ही आज विचारलंत."

"मी आजही विचारलं नाही!"

"बघा, म्हणजे आधीच सांगितलं," टकळी म्हणाली आणि पंख साफ करू लागली.

राणीने कपाळावर हात मारला. बाळाचं तोंड दिवसभर "स्स... स्स..." करत होतं, कारण जो तो पाळण्यावर वाकून "बोला बाळराजे, सेट!" म्हणत होता. तेवढ्यात मांत्रिकाचं बोलावणं घेऊन राजा आला. आनंदाने म्हणाला, "राणी, रथ सेट. बाळ सेट. तुम्ही सेट?"

"स्वामी, हा तुमचा मुलगा आहे. उद्या याला काटा टोचला, तर काय टोचलं ते याला सांगता येणार नाही. कळतंय का तुम्हाला?"

"सेट," राजा प्रेमाने म्हणाला.

राणीने बाळ कडेवर घेतलं आणि टकळीला खांद्यावर. मनाशी ठरवलं, वाटेत याला 'आई' म्हणायला शिकवायचं. जगातली सगळी मुलं शिकतात. माझ्याकडून एवढं तरी व्हावं.

लाघवनाथाच्या डोंगराला एकच वाट होती आणि वाटेवर तीन वेशी होत्या. पहिल्या वेशीवर राक्षस रांधत होता. धुराने त्याचे डोळे लाल झाले होते.

"तुझ्या राज्याचे वाटसरू येतात," तो गरजला, "भात कसा करू विचारलं की म्हणतात, सेट कर! माझा भात नीट करून देशील तर वेस उघडीन. पण ऐक. या वाटेवरच्या वेशींचा नियम एकच. राखणदारासाठी जो शब्द कामाला लावशील, तो वेशीतच राहील."

राणीला पर्याय नव्हता. "तांदूळ निवड. धू. निथळू दे. आधण उकळलं की वैर. ढवळ. आता लाकडं मागे ओढ, झाक, आणि वाफ जिरू दे."

भात मोकळा झाला. राक्षस घास घेऊन रडलाच. वेस उघडली आणि राणी पलीकडे गेली. निवडणं, धुणं, वैरणं तिच्या मनातून असं पुसलं गेलं, जशी पाटीवरची अक्षरं. पुढे ओढ्याकाठी तिने बाळासाठी मऊ भात करायला घेतला. हातांना सवय होती, पण आपण काय करतोय हे हातांना सांगणारं आत कुणी नव्हतं; ते मध्येच थांबत. भात करपला.

"आई म्हण," ती बाळाला म्हणाली. "आ... ई."

"स्स," बाळ म्हणालं.

दुसऱ्या वेशीवर एक राक्षसीण बसली होती. तिच्या मांडीवर टेकडीएवढं लेकरू टाहो फोडत होतं. वरून दगड घरंगळत होते. राक्षसिणीचे केस विस्कटले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"बाई, तू आई दिसतेस," ती म्हणाली. "याला काय होतंय सांग. वाटसरू म्हणतात, बाळ सेट करा. कसं करू सेट? लेकरू म्हणजे काय फळीवरचा डबा आहे?"

"मला कळत नाही," राणी म्हणाली.

"आईला कळतं म्हणतात."

"म्हणणाऱ्यांना मुलं सांभाळावी लागत नाहीत. मी आपली एकेक करून बघते. पाजलंस? मग आडवं न..." एवढं बोलून राणी जीभ चावून थबकली आणि पुढचं नीट निवडून म्हणाली, "खांद्यावर घे. पाठीवर थोपट. हळू. ढेकर येऊ दे. आता जोजव. गोंजार. गुणगुण."

"थांबायचं नाव घेत नाही!"

राणीने आपलं बाळ खाली ठेवलं, त्या प्रचंड पायाजवळ गेली आणि तळव्यावर हात फिरवत म्हणाली, "उगी, उगी. आई आहे ना इथे. आई कुठे जात नाही."

लेकरू हुंदका देऊन झोपलं. वेस उघडली. पलीकडे गेल्यावर राणी बाळाला म्हणायला गेली, आणि तोंड उघडंच राहिलं. तो छोटासा शब्द, दोन अक्षरांचा, तो तिकडे राहिला होता.

"तेवढा एक जपायचा होता," टकळी म्हणाली.

"गप्प बस!" राणी ओरडली. तिला रडू येत होतं. दुसऱ्याच्या मुलाला निजवताना स्वतःच्या मुलाचा बोल खर्चून आलेली बाई जगात दुसरी असेल का, असं तिच्या मनात आलं. आणि मनातसुद्धा, ज्या शब्दाने ती स्वतःला हाक मारत होती, तो नव्हता.

तिसऱ्या वेशीवर सर्प वेटोळं घालून बसला होता. त्याने संथपणे विचारलं, "कशासाठी आलात?"

राणीने सांगितलं.

"मला ऐकू कमी येतं. पुन्हा सांगा."

राणीने पुन्हा सांगितलं. करार सांगितला, पेटी सांगितली, वांग्यांची उतरंड सांगितली.

"नीट कळलं नाही."

मग मात्र राणीचा बांध फुटला. तिने सर्पाला फैलावर घेतलं. नवऱ्याची घाई काढली, दरबाराचं डोलणं काढलं, सोयराच्या खोलीत तिला विसरून गेलेल्यांची नावं घेऊन उद्धार केला. टकळी कानाशी चिवचिवत होती, "राणीसरकार, शब्द! शब्द संपतायत!" पण इतक्या महिन्यांनी कुणीतरी तिचं ऐकत होतं, मग ते बहिरं का असेना. ती बोलत राहिली. सर्प ऐकत राहिला. अखेर तो बाजूला सरला आणि वेस उघडली, तेव्हा राणीकडे काहीच उरलं नव्हतं.

पलीकडे लाघवनाथाचं दार होतं. आत ओळीने रांजण होते, तोंडं फडक्याने बांधलेले. आतून कुजबुज येत होती. राज्याचे सगळे शब्द दाटीवाटीने कोंडले होते. लाघवनाथ नीटनेटका, बुटका माणूस होता.

"यावं, राणीसरकार. प्रवास सुखाचा झाला?"

राणीने तोंड उघडलं. बाहेर काही आलं नाही. टकळी म्हणाली, "त्यांच्याकडे शब्द नाहीत. सगळे तुझ्या वेशींनी खाल्ले."

"चला, काम सोपं झालं," लाघवनाथ म्हणाला आणि त्याने बाळाला समोर बसवलं.

बाळ तीन वेशी पार करून आंबलेलं होतं. ते रांगत समईकडे निघालं आणि ज्योतीला हात घालणार, तोच राणीच्या तोंडून काहीतरी निसटलं.

"नको!"

ती स्वतःच दचकली. तो एक शब्द उरला होता. दुसऱ्या वेशीवर तो ओठांतून अर्धाच बाहेर पडला होता, पण तिने जीभ चावून तो मागे ओढला होता. राखणदाराच्या कामी तो लागलाच नव्हता. हे समजल्यावर तिला आनंद व्हायच्या ऐवजी लाजच वाटली. सगळं ओतून आले आणि तळाशी काय राहिलं, तर हे! ज्याने दिवसभर मुलाला टोकते, तेच.

बाळाने मांत्रिकाची दाढी धरली. "नको," राणी म्हणाली. बाळाने रांजणाचं फडकं ओढलं. "नको!" बाळाने जमिनीवरचा मुंगळा उचलून तोंडाशी नेला. "नको, नको, नको!"

लाघवनाथ हसला. "बघा, तुमच्याकडेही एकच शब्द आहे आणि तोच तुम्ही सगळीकडे वापरता. मग माझ्यात आणि तुमच्यात फरक काय?"

 राणीला वाटलं, हा म्हणतो ते खरंही असेल.

लाघवनाथाने सोन्याचा खुळखुळा काढला आणि बाळापुढे वाजवला. "बाळराजे, म्हणा, सेट. सेट म्हटलं की खुळखुळा तुमचा. घोडा हवा? सेट. राज्य हवं? सेट. पुन्हा काही शोधायला नको, काही शिकायला नको. म्हणा, स्स..."

"स्स," बाळ म्हणालं. रांजणांतली कुजबुज थांबली. 

बाळाने खुळखुळ्याकडे पाहिलं. मग लाघवनाथाच्या तोंडाकडे. ते फार जवळ आलं होतं. बाळाला झोप आली होती, त्याला कडेवर जायचं होतं, आणि हा अनोळखी माणूस बाजूला होत नव्हता. त्याने दोन्ही हातांनी ते तोंड ढकललं आणि स्पष्ट, खणखणीत, त्याच्या बापाच्या दरबारात आजवर कुणी म्हटलं नव्हतं असं म्हटलं,

"नको!"

पहिला रांजण तडकला. मग दुसरा. मग सगळे. शब्द थव्याने बाहेर पडले आणि दारं-खिडक्यांतून आपापल्या घरी निघाले. लाघवनाथ हस्तिदंती पेटीएवढा झाला, मग डबीएवढा, मग दिसेनासा. तिन्ही वेशींनी ठेवून घेतलेले शब्द राणीच्या जिभेवर परतले. बाळाला उचलून घेत ती पहिलं वाक्य बोलली ते असं: "टकळे, एक अक्षर बोलू नकोस."

राणी परतली तेव्हा राज्यात एकच कल्ला माजला होता. साचलेलं सगळं सगळे एकदम बोलत होते. आचारी प्रधानाला, दाई पुरोहिताला, सेनापतीची बायको सेनापतीला. राजा त्वरितसेन सिंहासनावर उभा राहून आयुष्यात प्रथमच एक शब्द उच्चारत होता: "थांबा!" कुणी थांबत नव्हतं.

मग त्याने राणीला विचारलं, "त्या दर्यापारच्या शब्दाचं काय करावं? हाकलून द्यावा?"

"दर्यापारहून आलेलं बिचारं एकटं आहे, त्याला कशाला हाकलायचं?" राणी म्हणाली. "त्याला जमतील ती कामं द्या. कपबशा द्या, दागिने द्या, फार तर दही द्या. मुलं आणि भात तेवढा त्याच्याकडे द्यायचा नाही."

तसं झालं. आचारी पुन्हा भात शिजवू लागले, शिपाई पहाऱ्यावर उभे राहू लागले, आणि दरबारात राजाला अधूनमधून कुणी कुणी "नको, महाराज" म्हणू लागलं. राजपुत्र वाढू लागला. राणी त्याला रोज समोर बसवते आणि म्हणते, "आई म्हण."

"नको," राजपुत्र म्हणतो.

ज्याचे शब्द त्याच्या घरी पोचले. तुमचेही तुमच्या जिभेवर सुखाने नांदोत.