महागडे गडी

अकरापैकी सहाच गडी घेऊन झाले आणि रणधवल महाराजांची थैली रिकामी झाली.

थैली खोटी होती, पण महाराजांचा संताप खरा होता. विश्वचषकाचा पहिला सामना त्याच संध्याकाळी सातला सुरू व्हायचा होता आणि दिवाण गजाननपंतांनी महाराजांना फॅन्टसी फुटबॉलचा नाद लावून ठेवला होता. मोबाइलवर शंभर कोटींची लुटुपुटुची थैली मिळते. तिच्यातून जगभरातले अकरा खेळाडू विकत घ्यायचे. ते खऱ्या मैदानात जे दिवे लावतील त्याचे गुण आपल्याला. कप्तानाचे गुण दुप्पट. आणि पहिली शिट्टी वाजली की संघाला कुलूप.

महाराजांनी आधी अकराच्या अकरा गडी ब्राझीलचेच उचलायला घेतले. मोबाइल म्हणाला, एका देशाचे तीनच. चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत महाराजांना ‘नाही’ ऐकवणारं हे पहिलंच यंत्र. माणूस तर त्याआधी कोणी निघालाच नव्हता. मग त्यांनी देशोदेशीचे सहा नामांकित घेतले, आणि थैलीने मान टाकली.

मुदपाकखान्याची हौसाक्का कॉफीचा पेला ठेवायला आली होती. तळ्याकाठच्या मैदानावर तिच्या दोन मुली तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळायच्या, आणि नवरा चुन्याने रेघा मारायचा. हा खेळ तिला भाकरीइतका ओळखीचा होता.

“सरकार, महागातले चार पुरेत,” ती म्हणाली. “बाकीचे सात स्वस्तातले घ्या, पण नव्वद मिनिटं पळणारे. मोठ्या नावाचा गडी बाहेर बसून राहिला तर गुण शून्य. आणि कप्तान करायचा तो पेनल्टी मारणाऱ्याला.”

पंतांनी भुवई वर केली. “आता निवडीचे सल्ले चुलीपासून येणार वाटतं?”

“निवडणं हे आमचंच काम की, पंत. आमच्या निवडीतला खडा सरकारांच्या दाताखाली येतो, म्हणून आम्ही डोळ्यांत तेल घालून निवडतो. तुमच्या निवडीतला खडा येतो रयतेच्या दाताखाली. तुम्हाला काय घाई?”

महाराज हसले नाहीत. स्वस्त हा शब्द त्यांना जिव्हारी लागला होता. “आमच्या संघात स्वस्त गडी? शोभतं का ते? हौसाक्का, फार कळतं ना तुला? मग सातच्या आत आम्हाला अकरा गडी आणून दे. अकराच्या अकरा महागडे. आणि थैलीतून शंभराच्या वर दमडीही जाता कामा नये. नाही जमलं, तर उद्या तळ्याकाठच्या मैदानाला तारेचं कुंपण. पंत तिथं आमच्यासाठी गुलाबबाग करायची म्हणताहेत.”

पंतांनी कुंपणवाल्याला निरोप धाडण्यासाठी तिथल्या तिथे खिशातून लेखणी काढली. हौसाक्काने त्या लेखणीकडे पाहिलं. मुलींना काय सांगणार होती ती?

“गडी मी निवडीन ते सरकार मोडणार नाहीत ना?” तिने विचारलं.

“शब्द दिला.”

ती गेली. पंतांनी मोबाइलवर तीनतीनदा बेरीज करून पाहिली आणि सुखावून दाढीवरून हात फिरवला. अकरा महागडे शंभरात बसणं शक्यच नव्हतं.

साडेसहाला सगळा दरबार सामना बघायला पडद्यासमोर जमला. हौसाक्का पदराला हात पुसत आली आणि तिने यादी उलगडली.

“गोलात आपले अर्जखात्याचे नानासाहेब. तीन वर्षांत त्यांच्यापुढून एक अर्ज आत गेलेला नाही.”

नानासाहेबांनी घसा खाकरला.

“बचावाला सरकारांचे चार मेहुणे. चौकशी दिसली की एकमेकांना चिकटून भिंत करतात. मधल्या फळीत तीन कारभारी. रस्त्याचं विचारलं की पाणीवाल्याकडे पास, पाण्याचं विचारलं की दिवेवाल्याकडे. चेंडू अजून कुणाच्या पायात थांबलेला नाही. पुढे दोघं. शिकारखान्याचे भाऊसाहेब, वाघ यायच्या आधीच पळत सुटतात. आणि आपले राजकवी, गोल झाला नसला तरी झाल्यासारखं नाचून दाखवतात.”

“दहा झाले,” महाराज म्हणाले. त्यांची मिशी हलायला लागली होती. “कप्तान?”

“पंत. त्यांच्या हाती गेलेलं दुप्पट होतं. फक्त त्यांच्याच घरी होतं, एवढंच.”

पंत ताडकन उठले. “सरकार, हे अति होतंय! आम्ही काय गडी आहोत? सरकारांनी खेळाडू मागितले होते.”

“सरकारांनी गडी मागितले, पंत, आणि तुम्ही ते स्वतःच्या कानांनी ऐकलंत,” हौसाक्का शांतपणे म्हणाली. “मी सरकारांची गडी आहे, सांगायला मला लाज नाही. तुम्ही नसाल सरकारांचे, तर मग कोणाचे आहात तेवढं सांगा. नाव खोडते.”

पंतांनी चारही मेहुण्यांकडे एकदा पाहिलं. मग ते हळूच खाली बसले.

“आणि किंमत?” महाराजांनी विचारलं.

“महागडे म्हणाल तर असे अकरा अख्ख्या जगात मिळायचे नाहीत, सरकार. नव्वद मिनिटं राहू द्या, नव्वद पावलं चालत नाहीत, तरी वाडे, बग्ग्या आणि जहागिरी खातात. पण सगळं खजिन्यातून. थैलीला मी हात लावलेला नाही. शंभरच्या शंभर कोटी शाबूत.”

मग महाराजांच्या पोटातून हसू निघालं. ते एवढं वाढलं की पेल्यातली कॉफी गादीवर सांडली. डोळे पुसत त्यांनी पंतांच्याच खिशातली लेखणी मागून घेतली. मैदान तालमीच्या नावे कायमचं करून दिल्याचा कागद स्वतः लिहिला, अंगठी लाखेवर दाबली आणि कागद हौसाक्काच्या हातात ठेवला.

मग मोबाइल उचलून ते तिच्याकडे सरकले.

“सात मिनिटं उरलीत, अक्का. सांग लवकर, स्वस्तातले कोण कोण पळतात ते.”