चंडोल घरट्यावर गायला

पूर्वी कंकावती नगरीत पुष्पसेन राजाचं राज्य असताना बोधिसत्त्व एका माळावर चंडोल होऊन जन्मला. रंग मातीचा, जीव मुठीत मावेल एवढा. घरटंही झाडावर नाही, गवताच्या बुडाशी जमिनीवरच. त्यात चंडोलीण आणि तीन पिल्लं.

राजाकडे ससाणा होता. झेप विजेची, नखं सुऱ्यांसारखी. रोहण नावाचा बाजदार त्याला सांभाळी. शिकारीआधी ससाण्याला एक दिवस उपाशी ठेवायची रीत. राजाला खूश करायला रोहणानं तीन दिवस ठेवला. मूर्खपणा, दुसरं काय!

शिकारीच्या दिवशी त्याच माळावर ससाणा सुटला. तितर, लावे सगळे मुके झाले. चंडोल मात्र पिल्लांपासून त्याला लांब नेत उंच चढला, आणि गाऊ लागला. हो, गातच! मागे मरण, आणि गळ्यातला एक सूर तुटेना. राजा घोड्यावर थिजून बघत राहिला.

वर वर जाता तीन दिवसांच्या उपाशी ससाण्याचं बळ सरलं. वाऱ्यावर भरकटत तो खाली आला आणि पडला तो नेमका घरट्याशेजारी. चंडोलही मागोमाग उतरला.

"मी मारायला आलो होतो. तू गात कसा होतास?" ससाण्यानं विचारलं.

"घाबरलो होतो, म्हणून तर गात होतो."

ऊन भाजत होतं. रोहण लांब शोधत होता. ससाण्याच्या पायात घुंगरू होतं, पण हलताच येईना तर ते वाजणार कसं?

गाऊन रोहणाला बोलवावं म्हणून चंडोल पंख उघडू लागला, तशी चंडोलीण कडाडली, "अहो, गप्प बसा! घरट्यावर गाऊन कुणी जागा दाखवतं का? मेला तर मरू दे. पिल्लांवर माणसं आणाल!"

"तोही कुणाचं तरी पिल्लूच आहे," चंडोल म्हणाला. आणि घरट्याच्या वर हवेत एका जागी थांबून तो गायला.

त्या आवाजावर रोहण धावत आला. ससाणा दिसला, आणि वीतभर अंतरावर तीन उघड्या चोची. त्यानं ससाण्याला अलगद उचलून छातीशी धरलं. मागून टापा आल्या.

"महाराज, घोडा तिथंच थांबवा! इथं पिल्लं आहेत!" रोहण ओरडला.

राजाला असं कुणी कधी बोललं नव्हतं. राजा उतरला आणि अनवाणी आला.

भिक्खूंना ही कथा सांगून शास्ते, म्हणजे बुद्ध, म्हणाले, "तो ससाणा आजचा हा तापट उत्तिय भिक्खू, रोहण इथला माळी सुमुख, चंडोलीण ही निपुणा भिक्खुणी. चंडोल मीच होतो. आपल्या जिवावर उठलेल्यासाठीही गळा उघडते, ती मैत्री."