दाराबाहेरचा मामा

एकदा एक तरुण वृद्ध गुरूंच्या दारी शिष्य व्हायला आला, तेव्हा तो एकटा आला नव्हता. त्याच्या कडेवर चौथे वर्ष सरत आलेली एक मुलगी होती. ती त्याच्या थोरल्या बहिणीची लेक, सगुणा. मुलीचे वडील ती तान्ही असतानाच वारले होते, आणि नुकतीच बहीणही तापाने गेली होती. आता मामाला भाची होती आणि भाचीला मामा.

गुरूंनी विचारले, काय शिकायचे आहे. तरुण म्हणाला, ते त्याला ठाऊक नाही. अक्षरओळख जेमतेम आहे. पण ताई नेहमी म्हणायची, हा फार लवकर भडकतो, याला कुणा शहाण्या माणसापाशी ठेवले पाहिजे.

"बरं," गुरू म्हणाले, "शहाणा माणूस सापडेपर्यंत इथेच राहा."

तो राहिला. पाणी भरू लागला, लाकडे फोडू लागला, संध्याकाळी चार माणसे ऐकायला जमत तेव्हा मागे बसू लागला. परंतु त्याचे खरे काम एकच होते. सगूला तो भरवी, तिची वेणी घाली, ती झोपेपर्यंत तिचे तळवे चोळी. आणि दिवसातून एकदा आश्रमामागच्या आवळीखालून, शौचालयाच्या अर्ध्या उघड्या दारातून एक लांबलचक हाक येई : "मामाऽ, झालीऽऽ." हातातले काम जिथे असेल तिथे टाकून तो तांब्या घेऊन धावे. मुलीला धुवून, पुसून, झबले सारखे करून बाहेर आणी. त्या वेळी त्याचा चेहरा एखादे मोठे कार्य पार पाडल्यासारखा दिसे.

एका संध्याकाळी गावातला एक मोठा कापडव्यापारी दर्शनाला आला होता. गुरू आत्म्याविषयी बोलत होते, सभा शांत होती, आणि मागून हाक आली. शिष्य ताडकन उठला. त्याचा पाय समईला लागता लागता राहिला. माणसे हसली. तो परत आल्यावर व्यापारी म्हणाला, "अरे, आमच्याकडे या कामाला गडी असतो. माझा मुलगा सात वर्षांचा झाला, अजून त्याने स्वतः पाण्याला हात लावलेला नाही. त्याला पुढे पेढी सांभाळायची आहे, हे असलं थोडंच करायचंय?"

शिष्याच्या तोंडून निघून गेले, "आणि पेढीवर गिऱ्हाईक बसलंय, गडी रजेवर आहे, तेव्हा हो?"

सभा पुन्हा हसली. व्यापारीही हसला, जरा उशिराने. गुरू मात्र हसले नाहीत. ते शिष्याकडे पाहत राहिले.

पुढे सगू गावच्या शाळेत जाऊ लागली. तिच्या आईने जाण्यापूर्वीच तिच्यासाठी पाटी आणून ठेवली होती. त्यामुळे शाळेचा पहिला दिवस मामाने सणासारखा साजरा केला. पण थोड्याच दिवसांत मुलगी सुकू लागली. बांधून दिलेली भाकरी जशीच्या तशी परत येई. शाळेतून आल्यावर ती पोट धरून कोपऱ्यात बसे. मग तर आवळीखालून हाक येणेही थांबले. दोन दोन, तीन तीन दिवस जाऊ लागले. पोट दगडासारखे लागे, आणि शेवटी बसावे लागले की पोर कळवळून रडे.

शाळेच्या बाईंनी मामाला बोलावून सांगितले की ही मुलगी शाळेत पाणीसुद्धा पीत नाही. पाय आवळून बसून राहते. मी विचारलं, तर म्हणते, इथे मामा नाही. मी धुते म्हटलं, तर भिंतीला चिकटून उभी राहिली.

मामाचे रक्त तापले. बाईंवर तापले, शाळेवर तापले, शाळा ज्याने काढली त्याच्यावरही तापले. त्याच संध्याकाळी तो भर सभेत गुरूंपुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, उद्यापासून सगू शाळेत जाणार नाही. मोठी झाली की जाईल. शाळा काही कुठे पळून जात नाही. पोरगी माझ्या डोळ्यांसमोर राहील, आणि मी तिला काही होऊ देणार नाही.

 गुरू उठले, अंगणाच्या कडेला झाडांच्या आळ्यासाठी आणून टाकलेली ओली चिकणमाती होती, तिचा एक गोळा त्यांनी उचलला. परत आले, आणि काही कळायच्या आत तो गोळा त्यांनी शिष्याच्या मानेवर, मागच्या बाजूला, केसांच्या मुळापर्यंत फासला.

 ओले ओघळ पाठीवरून खाली उतरू लागले.

"आता हे स्वच्छ कर," गुरू म्हणाले. "तिथे रांजण आहे. कुणाला विचारायचं नाही, आणि कुणी मदत करायची नाही."

शिष्य रांजणाशी गेला. एका हाताने तांब्या डोक्यामागे नेऊन ओतू लागला, तर पाणी खांद्यावरून पोटावर आले. दुसऱ्या हाताने चोळू लागला, तर माती कानामागे सरकली. नेमके किती उरले आहे ते त्याला दिसेना. माणसांना दिसत होते, आणि त्यांना राहवेना. कुणी म्हणाले डावीकडे, कुणी म्हणाले अजून खाली. त्या दिवशीही आलेला व्यापारी तर उपरणे काढून उठलाच, "अरे इकडे ये, एका फटक्यात पुसून टाकतो."

गुरूंनी त्याचे मनगट धरले. "बसा शेठजी. तुमचं उपरणं चांगलं आहे, पण ते त्याच्याबरोबर घरी जाणार नाही."

बराच वेळ गेला. शिष्य चिडला, पुटपुटला, तांब्या आपटला, पुन्हा भरला. मग हळूहळू त्याचा हात सावकाश फिरू लागला. शेवटी तो थांबला आणि म्हणाला, "झालं."

गुरूंनी दिवा जवळ नेऊन पाहिले. मान स्वच्छ होती.

"तुला दिसत नव्हतं," ते म्हणाले. "मग झालं हे कशावरून ठरवलंस?"

शिष्य जरा विचार करून म्हणाला, "आधी बोट बुळबुळीत सरकत होतं. मग अडखळायला लागलं. साफ कातडी हाताला वेगळी लागते."

"हेच सगूला शिकायचंय," गुरू म्हणाले. "जिथे आपला डोळा पोचत नाही, तिथलं ज्ञान बोटाला असावं लागतं. आणि एकाचं बोट शिकलं म्हणून दुसऱ्याचं शिकत नाही. तू रोज तिला स्वच्छ करतोस, उत्तम करतोस, आणि तिचा हात मात्र रोज अडाणी राहतो. आज तिला शाळेतून काढशील. उद्या पाहुण्यांकडे जाऊ देणार नाहीस, परवा जत्रेला. कारण तिचं पोट तू जवळ असशील तेव्हाच चालेल असं नाही." इथे त्यांचा आवाज खाली आला. "बाळा, तुझी बहीण गेली. ती हाक आली की कुणाला तरी तू हवा आहेस असं तुला वाटतं, हे मला कळतं. पण ते दुःख तुझं आहे. ते तुझ्यापाशी ठेव. पोरीच्या पोटात ठेवू नकोस."

शिष्याचा चेहरा लाल झाला. तो तरातरा निघून गेला. अंधारात आवळीशी काहीतरी आपटल्याचा आवाज आला. माणसे एकमेकांकडे पाहू लागली. गुरू मात्र आत्म्याविषयीचे राहिलेले वाक्य पुरे करू लागले.

सभा उठायच्या सुमारास शिष्य परत आला. त्याने विचारले, "तांब्या केवढा घ्यायचा?"

त्याचा स्वतःचा पितळी तांब्या सगूला दोन्ही हातांनीही उचलत नव्हता. हे इतक्या दिवसांत त्याच्या लक्षातच आले नव्हते, कारण उचलायचा प्रश्नच नव्हता. त्याने कानाचा एक हलका, छोटा मग आणला. शौचालयातले पाय ठेवायचे दगड मोठ्या माणसांच्या अंतरावर होते, त्यांच्या आत दोन विटा बसवल्या. दोरी बांधून साबण तिच्या हाताला येईल इतका खाली टांगला.

मग खेळ सुरू झाला. सगूने मामाच्या मानेला माती फासायची, मामाने सगूच्या कोपराला मागून फासायची, आणि न पाहता धुवायची. सगूला हा खेळ इतका आवडला की ती येणाऱ्याजाणाऱ्याला माती लावू लागली. मामा विचारी, "कसं लागतंय?" ती म्हणे, "बुळबुळ." थोड्या वेळाने म्हणे, "आता करकर." मग अंगातले कपडे न काढता, नुसते उकिडवे बसून, उजव्या हातात रिकामा मग आणि डावा हात मागे. पाणी पुढून सोडायचे, हात पुढून मागे न्यायचा, उलटा कधी आणायचा नाही. "का?" सगूने विचारले. मामाने सांगितले, मागची घाण पुढे आणली तर आपलंच घर आपण खराब केलं. तिला ते पटले. मग दोन्ही हात साबणाने, बोटांच्या बेचक्यांसकट.

खरा प्रसंग आला तेव्हा सवयीने तीच हाक आली. मामा धावत दारापर्यंत गेला, आणि दारावर हात ठेवून थांबला.

"मामा, ये ना."

"मी इथेच आहे. तो मग उचल."

"मला नाही येत."

"येतं. बोटाला विचार."

आत पाणी सांडल्याचा आवाज झाला. मग रडणे.  गुरू ओसरीवरून पाहत होते. ते म्हणाले, "राजवाड्याच्या भालदारासारखा उभा राहा. भालदार आत जात नाही."

"तुमचं काय जातंय बोलायला," शिष्य दातांत म्हणाला. आणि आत गेला नाही.

सगू बाहेर आली ती कमरेपासून भिजून, पाय अर्धवट स्वच्छ, झबल्याचा काठ खराब. त्याने ओरडायचे नाही आणि पुन्हा पुरते धुवायचेही नाही असे ठरले होते. जे राहिले ते तिला दाखवायचे, आणि तिच्याच हातून करवून घ्यायचे. पुढच्या खेपेला कमी भिजली. त्याच्या पुढच्या खेपेला रडली नाही. मध्ये एकदा सगळेच बिघडले आणि मामाने कपाळावर हात मारून घेतला, तेव्हा सगूच म्हणाली, "तुझ्यापण कानात गेली होती ना माती."

आश्रमात आता तिला येऊ लागले. पण शाळेचे काय? तिथे विटा नव्हत्या, दोरीचा साबण नव्हता, मामा नव्हता. त्याने तो मग आणि साबणाची वडी तिच्या पिशवीत घातली, बाईंना हात जोडून सांगितले की तिने मागितले तेवढेच द्या, आणि घरी आला. घरी आला खरा, पण भर दुपारी हातातली कुऱ्हाड टाकून तो शाळेकडे धावत सुटला आणि मागच्या कुंपणाशी जाऊन लपला.

आणि त्याने पाहिले. सगू वर्गातून एकटी बाहेर आली. हातात मग आणि साबणाची वडी. शौचालयाच्या दारापर्यंत गेली, थांबली, मागे पाहिले. कुणी नव्हते. आत गेली. दार अर्धे लोटले. बराच वेळ काही नाही. त्यानंतर तिचा मग पालथा झाल्याचा खणखणाट, आणि पाणी दाराखालून वाहत बाहेर. मामाने कुंपणाच्या काटेरी तारेला हात घातला. तार बोचली, तरी त्याने हात सोडला नाही.

आतून आवाज आला, "बाई, पाणी."

बाई बादली घेऊन आल्या. दाराशी वाकून म्हणाल्या, "बाळ, मी येऊ का धुवायला?"

"नको. पाणी द्या आणि बाहेर थांबा."

बाई बाहेर थांबल्या. मामा तारेपाशी थांबला. आत पाणी पडले, थांबले, पुन्हा पडले. मग सगू बाहेर आली. गुडघ्यापर्यंत ओली. तिने दोन्ही हातांना साबण लावला, बोटांच्या बेचक्यांत फिरवला, हात धुतले, झबल्याला पुसले. मग वर्गाच्या पायरीवर बसून फडके सोडले आणि भाकरी खाऊ लागली. तिने कुंपणाकडे पाहिलेदेखील नाही.

मामा तिथून हलला तो परत आश्रमाकडे गेला नाही. नदीच्या ज्या घाटावर बहिणीला शेवटचे पोचवले होते, त्या बाजूला तो आजवर फिरकला नव्हता. पोर सांभाळायची आहे, वेळ नाही, असे म्हणत आला होता. आज तो थेट त्या घाटावर गेला आणि शेवटच्या पायरीवर बसून रडला. हात रिकामे होते, म्हणून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. धुणे धुणाऱ्या बायांनी थोडे पलीकडे सरकून त्याला जागा दिली.

रडून झाल्यावर त्याने तोंड धुतले. मग पाण्याकडे पाहून, ताठ मानेने, घरी आलेल्या माणसाला चांगली बातमी सांगावी तसे तो म्हणाला, "ताई, तुझी लेक आता स्वतःची स्वतः धुते."

आणि पुढे म्हणाला, "हातसुद्धा. साबण लावून."