वळणापर्यंतची सोबत

एका राज्यात एक जुनी रीत होती. कुणी वाट विचारली की नुसतं सांगून भागत नसे. पुढच्या वळणापर्यंत त्याच्यासोबत चालत जावं लागे. राजा असो वा रंक, नेम एकच.

पण राजा वज्रबाहूला घाई फार. एकदा शिकारीला निघाला असता एका म्हाताऱ्याने त्याला नदीची वाट विचारली. राजाने घोड्यावरूनच चाबूक हलवला, "तिकडे!" म्हणाला आणि टाच मारली.

म्हातारा होता मांत्रिक. तो म्हणाला, "पावलं वाचवलीस, राजा. आता शब्दही वाचव."

तत्क्षणी राज्यातले ठावठिकाण्याचे सारे शब्द नाहीसे झाले. आत, वर, खाली, पलीकडे, एकही उरला नाही. बोट दाखवावं तर ते आपल्याच नाकाकडे वळे. सासवांनी "मीठ... फडताळ..." म्हणावं आणि सुनांनी घरभर धुंडावं. लोक हसलेही असते. पण त्याच दिवशी राजकन्या मेघावली हरवली. ज्यांनी तिला जाताना पाहिलं, त्यांना सांगता येईना.

मग तिचा पोपट पोवळा मोडक्या पंखाने खुरडत परतला. "राजकन्या जिवंत आहे," तो म्हणाला.

"कुठे?" राजाने विचारलं. हा प्रश्न तेवढा मांत्रिकाने मागे ठेवला होता. दुष्टपणाच तो.

पोवळा दर्यापारच्या टोपीकरांनी दिलेला. त्याला त्यांची इंग्रजी येई, आणि तिला शाप लागला नव्हता. तो पाटावर चढला. "ऑन," म्हणाला. चालत राजाच्या पायाशी आला. "टू." राणी सुलेखाच्या बांगडीतून आरपार गेला. "थ्रू." पंडितांनी नुसत्या माना डोलावल्या, राणीला मात्र उमगलं.

"आता सांग, पोवळ्या," ती म्हणाली.

"टू नदी. ऑन काळा खडक. थ्रू धबधबा."

पोपटाला खांद्यावर घेऊन राजा पायी निघाला. नदी चकवण्यासाठी उलटी वाहत होती, तरी तो काठ सोडेना. काळ्या खडकावर माणकांची रास होती. हात लावील तो दगड होई. राजाने खडकावर पाय दिला, माणकांना हात लावला नाही. समोर धबधबा होता, आणि त्याच्या धारा तलवारींच्या होत्या.

"तात!" पलीकडून मेघावलीने टाहो फोडला. एवढ्यात तलवारी दुभंगल्या, जेमतेम एक माणूस जाईल इतक्या. राजा झेपावणार, तोच मागून आवाज आला.

"राजा, गावाची वाट कोणती?"

तोच म्हातारा.

राजाला रडू कोसळलं. तलवारी मिटू लागल्या होत्या. "मी येतो, बाळ!" तो ओरडला आणि म्हाताऱ्याचा हात धरून चालू लागला. म्हातारा सावकाश चाले. मध्येच थांबून त्याने पायातला काटा काढला. राजा उभा राहिला.

वळण आलं. "इथून पुढे मला ठाऊक आहे," म्हातारा म्हणाला आणि दिसेनासा झाला.

राजा धावत परतला. तलवारींचं पाणी झालं होतं. त्यातून तो आत शिरला आणि त्याने लेकीला पोटाशी धरलं.

"मी हाक मारली, तात. तुम्ही कुठे गेलात?"

"वळणापर्यंत," राजा म्हणाला, आणि आपल्याच तोंडचा शब्द ऐकून थबकला.

राज्यात मीठ सापडलं, चाबूक खुंटीवर गेला. त्या राज्यात कधी पोहोचलात तर वाट जरूर विचारा. एक म्हातारा राजा काठी टेकत तुमच्यासोबत निघेल, आणि वळण येईतो मागे फिरणार नाही.