जात्याला लावलेली शेवटची टाकी

एकदा एक तरुण शिक्षक आपल्या वृद्ध गुरुजींकडे वही घेऊन गेला. पहाटेची जात्यांची घरघर बंद होऊन तेव्हा बरीच वर्षं लोटली होती. जाती परसात टाकून दिलेली. ‘जात्याला टाकीऽऽ’ अशी हाक देत वडारणी गल्लीत यायच्या, छिन्नीने ठोके घालून झिजलेला दगड पुन्हा खरखरीत करून द्यायच्या, तेही थांबलं होतं.

शिक्षकाने गावातल्या समाजांवर पाठ लिहिला होता. भाषा शुद्ध, अक्षर सुरेख. वडार वस्तीच्या वाट्याला त्यात एकच ओळ आली होती: ‘हे लोक दगड फोडून पोट भरतात.’ ती वर्गात वाचली गेली. वस्तीतून एकुलती एक मुलगी शाळेत यायची, रत्नव्वा. पोरं तिला ‘दगडफोडी’ म्हणू लागली आणि ती यायची थांबली.

“ती परत यावी असं वाटतं, गुरुजी. पण ओळीत खोटं काय आहे?”

“कुणाला विचारून लिहिलीस?”

“पुस्तकात बघून.”

“वस्ती शाळेपासून पाच मिनिटांवर. आणि तू गेलास पुस्तकात.”

दुसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः वर्गावर आले. दप्तरं बाजूला ठेवायला लावून त्यांनी प्रत्येक मुलाला एक कागद आणि कोळशाचा तुकडा दिला. “घरच्या जात्याचा वरचा दगड मोठ्या माणसांकडून उचलून घ्या. खालच्यावर कागद धरून कोळसा घासा. आणि विचारून या, शेवटची टाकी कुणी लावली.”

एकतीस कागद आले. प्रत्येकावर काळ्यात पांढऱ्या बारीक रेघा. उत्तर मात्र सगळ्या घरांतून एकच: “यायची एक वडारीण.”

गुरुजींनी कागद दोरीवर टांगले आणि वस्तीतून रत्नव्वाच्या आजीला, नागव्वाला, घेऊन आले. तिला शिक्षकाच्या खुर्चीवर बसवलं. स्वतः पोरांत जमिनीवर बसले. आजीमागून आलेली रत्नव्वा दाराबाहेरच थांबली.

शिक्षक त्यांच्या कानाशी वाकला. “गुरुजी, म्हातारीला अक्षरओळख नाही. वर्गासमोर तिची शोभा कशाला?”

गुरुजींनी म्हातारीला टांगलेल्या कागदांकडे हात केला. म्हातारी उठली आणि दोरीजवळ गेली.

“ही माझ्या सासूची टाकी. डावखुरी होती, रेघा बघा कशा उलट्या कलल्यात. ही माझी. ही पण माझीच, पण मन लावून नाही घातलेली. त्या घरची बाई पाणी द्यायची ते वरून ओंजळीत ओतून.”

एक मुलगा खाली बघत म्हणाला, “ते आमच्या घरचं जातं आहे, आजी.”

“असू दे लेकरा. पीठ बारीक पडायचं का नाही?”

“आई म्हणते, पडायचं.”

“मग झालं तर.”

कोपऱ्यातल्या कागदापाशी ती थांबली. “ही रत्नीच्या आईची. पहिलीच. हात धरून शिकवलं होतं मी. इथं छिन्नी घसरली बघ तिची.”

रत्नव्वा आत आली. आई गेली तेव्हा ती दोन वर्षांची होती, घरात आईचा साधा फोटोही नव्हता. तिने त्या घसरलेल्या रेघेवर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहू दिलं.

गुरुजी शिक्षकाला म्हणाले, “तुझी ओळ खोटी नव्हती रे. तिच्यात माणूस नव्हता. यांनी टाकी लावली म्हणून या गावाने पिढ्यानपिढ्या भाकरी खाल्ली, आणि एकतीस घरांत एकीचंही नाव कुणाला ठाऊक नाही. कागदावर नाही म्हणजे यांना इतिहासच नाही, असं आपण धरून चाललो. तुला पाठ असा लिहायला मीच शिकवलं. तेव्हा यात माझंही चुकलं.”

शिक्षकाने वहीतली ती ओळ खोडली. खडू रत्नव्वापुढे धरून म्हणाला, “तू सांग, काय लिहायचं.”

“नावं लिहायची, सर.” तिने आधी आईचं लिहिलं, मग आजीचं. मग वळून विचारलं, “अव्वा, तुझ्या सासूचं नाव काय?”

“सासूचं नाव मी कशी घेऊ? इतक्या वर्षांत नाही घेतलं.” म्हातारी जरा घुटमळली. मग तिने नातीला जवळ ओढलं आणि तिच्या कानात सांगितलं.

रत्नव्वाने ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. शिक्षक पोरांमध्ये जमिनीवर बसला आणि ते नाव आपल्या वहीत उतरवून घेऊ लागला.