तळ्याचा कडक राखणदार

मुलांनो, सागाच्या एका दाट जंगलात मातीच्या बांधाने अडलेले एक तळे होते. सगळ्या प्राण्यांनी मिळून त्याची राखण एका सारसाकडे सोपवली होती. सारस मनाने सच्चा, पण फार कडक. तळ्याला इजा करणाऱ्याला तो एकच शिक्षा देई : पाऊस येईपर्यंत तळ्यावर पाऊल ठेवायचे नाही.

एकदा कंद उकरताना एका काटेरी साळूच्या हातून बांधाची कड ढासळली आणि चिखल पाण्यात गेला. ती आपणहून सारसाकडे आली. "दादा, चूक झाली माझी. माती ओली आहे तोवर थापून घेते. कसं करायचं तेवढं सांगा."

"नियम सगळ्यांना सारखा," सारस म्हणाला. "तू आधी तळं सोड."

"पिल्लं लहान आहेत हो! एवढ्या उन्हात दुसरं पाणी कुठे शोधू?"

सारसाने मान फिरवली. साळू पिल्लांना घेऊन निघून गेली. बाकीचे प्राणी झुडपांआडून पाहत होते.

त्यानंतर कुणाचीच चूक सारसाच्या कानावर आली नाही. त्याला वाटले, आपला धाक बसला. पण एका घुशीचे बीळ बांधातून आरपार गेले होते आणि तिने भीतीने भोकावर पाला ओढून ठेवला होता. पाणी रोज थोडे थोडे झिरपत राहिले, भोक रुंदावत गेले आणि एका सकाळी बांध फुटला. उरलेल्या चिखलात मासे तडफडू लागले. सारसाने चोचीत धरून काही ओढ्यात नेऊन सोडले. पण एकटा किती नेणार?

"अगं, पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस, तर मूठभर मातीनं भागलं असतं!" फुटलेल्या बांधात बीळ पाहून तो घुशीला कळवळून म्हणाला.

घूस रडत म्हणाली, "साळूनं सांगितलं होतं, दादा. तिचं काय झालं ते पाहिलं मी."

सारसाने रिकाम्या तळ्याकडे पाहिले. मग पुटपुटला, "माझ्या धाकानं चुका थांबल्या नाहीत. तोंडं मिटली."

सगळ्यांना घेऊन त्याने बांध पुन्हा घातला आणि त्या दिवसापासून रीत बदलली. चूक सांगायला येणाऱ्यासोबत तो स्वतः चोचीने माती थापू लागला. वारंवार बजावूनही मुद्दाम बांध उकरणाऱ्या रानडुकराला मात्र त्याने तळ्याकडे फिरकू दिले नाही. पुढच्या पावसात तळे काठोकाठ भरले. पाणी इतके नितळ होते की तळाचे खडे दिसत; पण त्यात एकही मासा नव्हता.

तात्पर्य : चुकून चुकणारा आणि मुद्दाम चुकणारा, दोघांना एकाच काठीने हाकले, तर चुका थांबत नाहीत, लपतात, आणि राखणदाराला हे उशिरा उमगले, तर गेलेले परत येत नाही.